जुन्या फेज मॉड्युलेटरकडून रिपीटरचा स्वच्छ आवाज मिळवताना

जनरल इलेक्ट्रिक कंपनीचा ‘मास्टर टू’ हा द्विमार्गी रेडिओसंच १९७०च्या दशकात व्हर्जिनिया राज्यातील लिंचबर्ग येथील कारखान्यातून बाहेर पडू लागला आणि अमेरिकेतील पोलीस, अग्निशमन दले, वीजकंपन्या व टॅक्सीचालक यांच्या गाड्यांमध्ये तो वर्षानुवर्षे टिकून राहिला. पुढे १ जानेवारी २०१३ पासून तेथील व्यावसायिक व्हीएचएफ व यूएचएफ संचांना अरुंद चॅनेलवर जाणे बंधनकारक झाले, तेव्हा रुंद डेव्हिएशनचे (आवाजाबरोबर लहरीची वारंवारता जितकी सरकते ते डेव्हिएशन) असे पुष्कळ संच एकाएकी निरुपयोगी ठरले. हौशी रेडिओला तो नियम लागू नसल्यामुळे आम्हा हॅम मंडळींना मात्र ती पर्वणी वाटली. ब्लू रिज डोंगररांगेतील एका माथ्यावर आमच्या क्लबचा १४७ मेगाहर्ट्झच्या आसपासचा रिपीटर, म्हणजे एका वारंवारतेवर ऐकलेले बोलणे त्याच क्षणी दुसऱ्या वारंवारतेवर पुन्हा प्रसारित करणारा संच, उभा आहे, तो अशाच एका संचापासून बनवलेला आहे. त्याच्या ट्रान्समीटरमध्ये मी केलेल्या बदलांची ही हकीकत आहे. भारतात हौशी वापरासाठी दोन मीटर पट्टा १४४ ते १४६ मेगाहर्ट्झ एवढाच असल्यामुळे महाराष्ट्रातील वाचकांना ही वारंवारता परकी वाटेल, परंतु संचातील विद्युतशास्त्र तेच आहे आणि फेज मॉड्युलेशनवर (आवाजाने लहरीची वारंवारता थेट न हलवता तिची फेज, म्हणजे कला, हलवण्याच्या पद्धतीवर) चालणारा कोणताही जुना क्रिस्टलचा संच हाती असेल त्याला यातील बहुतेक भाग लागू पडेल.

तक्रार जुनीच होती. रिपीटरवरून येणारा प्रत्येकाचा आवाज दबलेला, मधल्या सुरांत कोंडलेला आणि जोराने बोलल्यास फाटलेला येत असे. तोच माणूस थेट, म्हणजे रिपीटरविना, ऐकला की त्याचा आवाज मोकळा असे. रिपीटरचा पल्ला उत्तम होता, रिसीव्हर संवेदनशील होता, डुप्लेक्सर (एकाच अँटेनावर ऐकणे व पाठवणे वेगळे ठेवणारा फिल्टर) नीट जुळवलेला होता, त्यामुळे दोष अँटेनाच्या बाजूचा नसून ध्वनीच्या वाटेवरचा आहे हे उघड होते. ती वाट कशी आहे हे पाहिल्यावर फारसे आश्चर्य वाटले नाही. गाडीतला संच रिपीटरमध्ये रूपांतरित करताना सर्वांत सोपा मार्ग म्हणजे रिसीव्हरच्या स्पीकरचा आवाज घेऊन तो ट्रान्समीटरच्या मायक्रोफोनच्या जागी जोडणे. अनेक रिपीटर याच रीतीने उभे राहतात आणि बोलणे समजते म्हणून तसेच चालू राहतात.

या सोप्या मार्गाची किंमत काय पडते हे समजण्यासाठी बोलणाऱ्याच्या तोंडापासून ऐकणाऱ्याच्या कानापर्यंतचा प्रवास पाहावा लागतो. वापरणाऱ्याच्या हातातील संच आवाजातील वरचे सूर दर सप्तकाला ६ डेसिबल या दराने उचलतो, यास प्री-एम्फसिस म्हणतात. मग लिमिटर शिखरे कापतो आणि सुमारे ३ किलोहर्ट्झच्या वरचा भाग फिल्टर गाळून टाकतो. आपला रिसीव्हर हा संकेत उलगडतो, वरचे सूर पुन्हा खाली आणतो, म्हणजे डी-एम्फसिस करतो, आणि स्पीकरच्या ॲम्प्लिफायरमधून बाहेर देतो. हे सारे मायक्रोफोनच्या वाटेने ट्रान्समीटरमध्ये शिरले की तेथे पुन्हा प्री-एम्फसिस, पुन्हा लिमिटर, पुन्हा फिल्टर. कागदावर एक चढ आणि एक उतार एकमेकांना रद्द करतात, परंतु प्रत्यक्षातील चढ-उतार आदर्श नसतात. रिसीव्हरचा स्पीकर ॲम्प्लिफायर ३०० हर्ट्झच्या खूप वरूनच खालचे सूर सोडू लागतो, मायक्रोफोनच्या वाटेवरील छोटे कपॅसिटर उरलेसुरले खातात, आणि वरच्या टोकाला तीन ठिकाणचे फिल्टर एकाच जागी कापत असल्यामुळे २५०० हर्ट्झच्या पुढे फारसे काही उरत नाही.

मोजमाप करताना मी एक पथ्य पाळले, ते येथे सांगणे आवश्यक आहे. रिपीटरचा ट्रान्समीटर एकटा मोजण्यात अर्थ नसतो. मोजायचे असते ते आत आलेले डेव्हिएशन आणि बाहेर पडणारे डेव्हिएशन यांचे नाते. सिग्नल जनरेटरवरून रिसीव्हरला १ किलोहर्ट्झ डेव्हिएशन द्यायचे, ध्वनीची वारंवारता ३०० पासून ३००० हर्ट्झपर्यंत बदलत न्यायची आणि ट्रान्समीटरमधून किती डेव्हिएशन बाहेर येते ते सर्व्हिस मॉनिटरवर, म्हणजे रेडिओसंच तपासण्याच्या मोजयंत्रावर, वाचायचे. आदर्श रिपीटरमध्ये हा आलेख आडवी रेघ असतो. १ किलोहर्ट्झ हे डेव्हिएशन मुद्दाम कमी ठेवायचे, कारण लिमिटर कापू लागला की आलेख सपाट दिसतो आणि आपण फसतो. आमच्या संचात १००० हर्ट्झच्या तुलनेत ३०० हर्ट्झला सुमारे ९ डेसिबलची घट होती, २००० हर्ट्झच्या आसपास ३ डेसिबलचा उंचवटा होता आणि ३००० हर्ट्झला ७ डेसिबलहून अधिक घसरण होती. कानाला जे कोंडलेले वाटत होते त्याचे हे चित्र होते. शिवाय ३०० ते ५०० हर्ट्झच्या भागात विकृती बरीच होती, आणि तिचे कारण वेगळे होते.

मास्टर टूचे व्हीएचएफ एक्सायटर, म्हणजे ट्रान्समीटरमधील लहर तयार करून तिच्यावर आवाज चढवणारे भाग, दोन प्रकारचे मिळतात. एकात पीएलएल (वारंवारता बांधून ठेवणारे मंडळ) असतो आणि तो थेट वारंवारता मॉड्युलेट करतो. दुसऱ्यात फेज मॉड्युलेटर असतो, आणि वापरलेल्या संचांमध्ये सहसा हाच हाती लागतो. या दुसऱ्या प्रकारात क्रिस्टलचे दोलन ‘आयकॉम’ नावाच्या छोट्या बंद डबीत तयार होते, ते व्हॅरिकॅप डायोड (व्होल्टेजनुसार धारिता बदलणारा) व कॉइल यांच्या जोडीने बनलेल्या मॉड्युलेटरमधून जाते आणि मग टप्प्याटप्प्याने १२ पट होते. म्हणजे १४७ मेगाहर्ट्झसाठी क्रिस्टल १२.२५ मेगाहर्ट्झचा असतो, आणि मॉड्युलेटरमध्ये घडलेला फेजमधील बदलही बाहेर पडेपर्यंत १२ पट झालेला असतो. हौशी मंडळींच्या गप्पांमध्ये फेज मॉड्युलेटरला सरसकट नाक मुरडले जाते, ‘त्याचा आवाज वाईटच’ असे म्हटले जाते. मला हे मत मान्य नाही, आणि ते का मान्य नाही हे थोड्या आकडेमोडीवरून दिसते.

फेज मॉड्युलेशनमध्ये डेव्हिएशन हे फेजमधील बदल गुणिले ध्वनीची वारंवारता एवढे असते. ३००० हर्ट्झच्या सुराला ५ किलोहर्ट्झ डेव्हिएशन देण्यासाठी शेवटी १.६७ रेडियन पुरतात, म्हणजे मॉड्युलेटरपाशी केवळ ०.१४ रेडियन. तेच डेव्हिएशन ३०० हर्ट्झला हवे असेल तर शेवटी १६.७ रेडियन आणि मॉड्युलेटरपाशी १.३९ रेडियन लागतील, आणि व्हॅरिकॅप व कॉइलचे साधे मंडळ एवढा झोका सरळ रेषेत घेऊच शकत नाही. मात्र बोलण्यातील ३०० हर्ट्झचा अंश, प्री-एम्फसिस होऊन आलेला असताना, ५ किलोहर्ट्झ डेव्हिएशनपर्यंत कधी जातच नाही. तो १ किलोहर्ट्झपर्यंत गेला तरी पुष्कळ झाले, आणि त्यासाठी मॉड्युलेटरपाशी ०.२८ रेडियन लागतात, जे नीट जुळवलेल्या मॉड्युलेटरला सहज झेपतात. तेव्हा दोष मॉड्युलेटरच्या जातीत नसून त्याच्यापर्यंत ध्वनी कोणत्या रूपात पोहोचतो यात असतो, ही माझी धारणा झाली आणि पुढचे सर्व काम तिला धरून केले.

येथे एक पर्याय समोर होता. आयकॉमच्या डबीत तापमानानुसार वारंवारता सावरण्यासाठी व्हॅरिकॅप असतो, आणि त्याच्या नियंत्रणाच्या तारेवर ध्वनी दिला तर क्रिस्टलच थेट हलतो, म्हणजे खरे एफएम मिळते. काही जण असे करतात आणि समाधानी असतात. मी हा मार्ग जाणीवपूर्वक सोडला. ५ किलोहर्ट्झ डेव्हिएशनसाठी क्रिस्टलला सुमारे ४१७ हर्ट्झ दोन्ही बाजूंना ओढावे लागते, क्रिस्टल एका बाजूला जितका सहज ओढला जातो तितका दुसऱ्या बाजूला जात नाही, आणि ज्या तारेवर तापमानाची भरपाई अवलंबून आहे त्याच तारेवर आपण भार टाकतो. हिवाळ्यात गोठणबिंदूच्या खाली आणि उन्हाळ्यात पत्र्याच्या खोलीत तापणाऱ्या डोंगरमाथ्यावरील संचासाठी हा सौदा मला परवडणारा वाटला नाही.

मूळ रचना बारकाईने पाहिली तर तिच्यातच उत्तर दडलेले आहे. एक्सायटरमध्ये मायक्रोफोनचा ध्वनी प्रथम प्री-एम्फसिसच्या मंडळातून जातो, मग लिमिटरमध्ये कापला जातो, आणि त्यानंतर दर सप्तकाला ६ डेसिबल या दराने वरचे सूर उतरवणाऱ्या मंडळातून, म्हणजे इंटिग्रेटरमधून, मॉड्युलेटरकडे जातो. शेवटचा उतार मुद्दाम आहे. फेज मॉड्युलेटर स्वभावतःच वरच्या सुरांना अधिक डेव्हिएशन देतो, हा उतार तो स्वभाव रद्द करतो, आणि त्यामुळे लिमिटरने घातलेली मर्यादा सर्व वारंवारतांना सारखी लागू पडते. म्हणजे लिमिटरच्या तोंडापासून पुढे पाहिले तर हा ट्रान्समीटर सर्व बाबतींत एफएम ट्रान्समीटरसारखाच वागतो. आता रिसीव्हरच्या डिस्क्रिमिनेटरवरून (संकेतातून ध्वनी उलगडणाऱ्या मंडळावरून), डी-एम्फसिसच्या आधी, ध्वनी घेतला तर त्यात वापरणाऱ्याच्या संचाने केलेले प्री-एम्फसिस जसेच्या तसे असते. तो प्री-एम्फसिसच्या मंडळाला वगळून थेट लिमिटरच्या तोंडाशी दिला की काम झाले. न उतार, न चढ. या एका जोडणीमुळे संपूर्ण वाटेतील दोन अपूर्ण फिल्टर नाहीसे होतात, लिमिटर जागेवर राहतो आणि मॉड्युलेटरला मूळ रचनाकारांनी ठरवलेल्या रूपातच ध्वनी मिळतो.

सांगायला हे दोन ओळींचे असले तरी करायला बरेच काही असते. मास्टर टूच्या रिसीव्हरमध्ये डिस्क्रिमिनेटरचा ध्वनी ज्या तारेवर येतो तिला कंपनीच्या पुस्तिकांत ‘व्हॉल्यूम-स्क्वेल्च हाय’ म्हटले आहे. आवाजाचा नियंत्रक आणि स्क्वेल्च (संकेत नसताना गोंगाट बंद ठेवणारे मंडळ) दोघेही याच तारेवर पोसले जातात, म्हणून तिच्यावर कमी प्रतिबाधेचे काहीही टांगले तर ध्वनीची पातळी खाली येतेच, शिवाय स्क्वेल्च उघडण्याचा बिंदू सरकतो. त्यामुळे तेथे प्रथम टीएल०७२ या ऑप-ॲम्पचा बफर बसवला, त्याची आदानबाजू १०० किलोओहमच्या वर ठेवली. त्याला वीज संचातील १० व्होल्टच्या नियंत्रित पुरवठ्यावरून दिली आणि मधला संदर्भबिंदू दोन समान रेझिस्टर व एका मोठ्या कपॅसिटरने तयार केला. हा संदर्भबिंदू गलथानपणे केला तर पुरवठ्यावरील सगळी गुणगुण ध्वनीत उतरते, म्हणून त्यावरील कपॅसिटर सढळ हाताने मोठा घ्यावा.

बफरनंतर दोन फिल्टर लागतात, आणि दोन्हींची कारणे भिन्न आहेत. पहिला खालचे सूर अडवणारा. वापरणारे लोक आपल्या संचातून सीटीसीएसएस टोन (बोलण्याच्या खालचा सततचा सूर, जो ओळखला तरच पलीकडचा संच उघडतो) पाठवतात आणि तो डिस्क्रिमिनेटरच्या ध्वनीत पूर्ण ताकदीने हजर असतो. स्पीकरच्या वाटेने तो बहुतांशी आपोआप नाहीसा होत असे, या नव्या वाटेने तो तसाच पुढे जाईल आणि आमच्या ट्रान्समीटरच्या स्वतःच्या टोनशी भांडेल. म्हणून २५० हर्ट्झवर चौथ्या श्रेणीचा बटरवर्थ फिल्टर बसवला. तो १०० हर्ट्झला सुमारे ३२ डेसिबल अडवतो आणि ३०० हर्ट्झला एक डेसिबलहूनही कमी खातो. दुसरा फिल्टर वरचे सूर अडवणारा, ४ किलोहर्ट्झचा, दुसऱ्या श्रेणीचा. लिमिटरच्या पुढे एक फिल्टर असताना अलीकडे आणखी एक कशाला, असा प्रश्न पडणे साहजिक आहे. डिस्क्रिमिनेटरमधून येणारा गोंगाट वारंवारतेबरोबर वाढत जातो आणि त्याचा मोठा भाग बोलण्याच्या पट्ट्याच्या वर असतो. तो लिमिटरमध्ये शिरला तर कमकुवत संकेताच्या वेळी लिमिटरची सगळी जागा हा न ऐकू येणारा गोंगाटच व्यापतो, आणि त्याच्या पाठीवर बसलेले बोलणे कापले जाते. दूरच्या स्थानकांचा आवाज या बदलानंतर अधिक खरखरीत झाल्याची तक्रार ज्या रिपीटरांबद्दल ऐकू येते, त्यांतील अनेकांत हा दुसरा फिल्टर गाळलेला असावा असा माझा अंदाज आहे.

लिमिटर काढून टाकण्याचा सल्लाही अनेकदा मिळतो. ‘वापरणाऱ्याच्या संचात तो आहेच, मग दुसऱ्यांदा कशाला कापायचे?’ हा युक्तिवाद ऐकायला बरा वाटतो. व्यवहारात कोणाचा तरी स्वस्तातील हातसंच ७ किलोहर्ट्झ डेव्हिएशन करत असतो, कोणी तरी वारंवारतेपासून थोडे बाजूला बसलेले असते, आणि लिमिटर नसेल तर हे सगळे डोंगरमाथ्यावरून शेजारच्या चॅनेलवर सांडते. दोन मीटर पट्ट्यावर येथे रिपीटरांमधील अंतर १५ किंवा २० किलोहर्ट्झ असते. ५ किलोहर्ट्झ डेव्हिएशन व ३ किलोहर्ट्झपर्यंतचा ध्वनी धरला तर संकेताची रुंदी सुमारे १६ किलोहर्ट्झ होते, म्हणजे हात पसरायला जागाच नाही. म्हणून लिमिटर आणि त्यापुढील फिल्टर हे दोन्ही मी जसे होते तसे राहू दिले. त्यापायी ३००० हर्ट्झला थोडी घट राहिली, ती मी आनंदाने स्वीकारली.

खालच्या टोकाकडे मात्र हात घालावा लागला. लिमिटरपासून मॉड्युलेटरपर्यंतच्या वाटेवरील जोडणीचे कपॅसिटर गाडीतील मायक्रोफोनचा विचार करून निवडलेले होते. इंजिनाची घरघर पुढे जाऊ नये म्हणून ते लहान ठेवण्यात शहाणपण होते. रिपीटरला इंजिन नसते. प्रत्येक ठिकाणचा कपॅसिटर मोठा करत गेलो आणि दर बदलानंतर आलेख पुन्हा काढला, जेणेकरून कोणत्या जागेने किती फरक पडला ते कळावे. इंटिग्रेटरचा उतार २०० हर्ट्झच्याही खालून सुरू होईल इतपत त्याचा कपॅसिटर वाढवला, कारण उतार जेथे सुरू होतो त्याच्या खाली फेज मॉड्युलेटरचा मूळ स्वभाव डोके वर काढतो आणि खालचे सूर गळू लागतात. येथे सिरॅमिक चकत्यांऐवजी पॉलिएस्टर कपॅसिटर वापरले. मोठ्या मूल्याच्या सिरॅमिक कपॅसिटरचे मूल्य व्होल्टेजबरोबर व तापमानाबरोबर हलते, आणि ध्वनीच्या वाटेवर ते नको असते. पन्नास वर्षे जुने होत आलेले इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर याच वेळी सरसकट बदलले, त्याबद्दल वेगळे सांगण्यासारखे काही नाही.

आता विकृतीकडे. मॉड्युलेटरची कॉइल बहुतेक लोक सर्वाधिक डेव्हिएशन मिळेपर्यंत फिरवतात आणि तेथे सोडून देतात. हे मंडळ अनुनादाच्या मध्यावर असेल तरच फेज दोन्ही बाजूंना सारखी झुलते. थोडे जरी बाजूला असेल तर एक बाजू आधी दबते आणि दुसऱ्या हार्मोनिकची विकृती येते. म्हणून ४०० हर्ट्झचा सूर लिमिटरच्या अलीकडच्या पातळीवर ठेवून, सर्व्हिस मॉनिटरच्या उलगडलेल्या ध्वनीवर विकृतिमापक लावून, डेव्हिएशनकडे दुर्लक्ष करत किमान विकृतीसाठी कॉइल जुळवली. डेव्हिएशन त्यामुळे थोडे घटले, ते नियंत्रकाने भरून काढले. एकामागोमाग असलेल्या टप्प्यांची ही जुळवणी आलटून पालटून करावी लागते, कारण एकाचा भार दुसऱ्यावर पडतो. लिंचबर्गच्या कारखान्यात पूर्वी काम केलेले एक निवृत्त तंत्रज्ञ क्लबमध्ये आहेत, त्यांनी या वेळी एकच सूचना केली, की गुणक टप्पे आधी पूर्ण जुळवून घ्या आणि मगच मॉड्युलेटरला हात लावा. ती सूचना लाखमोलाची ठरली. गुणक टप्पे बेसूर असतील तर त्यांच्यातून डेव्हिएशनबरोबर आयामही हलू लागतो, आणि मापकावर दिसणारी विकृती नेमकी कोठली हे कळेनासे होते.

सर्वांत चर्चा झाली ती टोनबाबत. रिपीटर स्वतःचा सीटीसीएसएस टोनही पाठवतो, आणि मूळ रचनेत तो लिमिटरनंतर फेज मॉड्युलेटरलाच दिलेला असतो. फेज मॉड्युलेटरला सर्वांत जड जाते ते हेच काम. ६७ हर्ट्झच्या टोनला ६०० हर्ट्झ डेव्हिएशन द्यायचे तर शेवटी जवळजवळ ९ रेडियन लागतात, म्हणजे मॉड्युलेटरपाशी ०.७५ रेडियन. एवढा झोका टोनच खाऊन बसला तर बोलण्याला सरळ रेषेतील जागा उरत नाही, आणि प्रत्येक अक्षर टोनच्या लयीत थरथरू लागते. कंपायमान, घशात अडकल्यासारखा जो आवाज काही जुन्या रिपीटरांवर येतो, त्याच्या मागे बहुधा हेच असते. १४१.३ हर्ट्झचा टोन घेतला आणि डेव्हिएशन ५०० हर्ट्झवर आणले तर मॉड्युलेटरपाशी ०.३ रेडियनच्या आत भागते. त्यामुळे वरचा टोन घेण्याकडे माझा कल होता.

पण याची दुसरी बाजू आहे. टोन जितका वर, तितका तो २५० हर्ट्झच्या फिल्टरला अडवायला कठीण. १४१.३ हर्ट्झला तो फिल्टर सुमारे २० डेसिबलच अडवतो. वापरणाऱ्याचा टोन आणि रिपीटरचा टोन एकच असेल, तर गळून आलेला दशांश भाग आमच्या टोनशी मिसळतो, दोघांची वारंवारता अगदी किंचित भिन्न असल्यामुळे ऑसिलोस्कोपवर टोनची उंची सावकाश कमी-जास्त होताना दिसते. फिल्टर अधिक तीव्र करता आला असता, परंतु तीव्र फिल्टर आपल्या कडेजवळच्या सुरांना घंटेसारखे वाजवतो आणि पुरुषी आवाजात ते ऐकू येते. दहा टक्क्यांची ही हालचाल कोणत्याही डिकोडरला त्रास देत नाही हे मेजावर पडताळून पाहिले, आणि तेवढ्यावर थांबलो. क्लबच्या सभेत टोन बदलण्यास दोन-तीन सभासदांचा विरोध होता, कारण सर्वांना आपापल्या संचात बदल करावा लागणार होता. मेजावर दोन्ही टोनांसह ध्वनिमुद्रित केलेले नमुने ऐकवल्यावर तो मावळला.

रिपीटर चालवणाऱ्या कंट्रोलरकडून येणारा ध्वनी हा एक छोटा पण हमखास विसरला जाणारा भाग आहे. मोर्समधील ओळखचिन्ह एकाच वारंवारतेचे असल्यामुळे त्याला केवळ पातळी लागते. मात्र कंट्रोलरमधील मुद्रित मानवी आवाजाला कोणीही प्री-एम्फसिस केलेले नसते. तो नव्या सपाट वाटेवर टाकला तर ऐकणाऱ्याच्या संचातील डी-एम्फसिस त्याचे वरचे सूर उतरवते आणि तो गोधडीतून बोलल्यासारखा येतो. त्याच्या वाटेवर एक लहान कपॅसिटर व रेझिस्टर घालून त्याला स्वतंत्र प्री-एम्फसिस दिले आणि मगच तो लिमिटरपूर्वीच्या मिश्रकात सोडला.

शेजारी शंभर वॅटचा ट्रान्समीटर असताना ऑप-ॲम्पच्या मंडळात रेडिओ ऊर्जा शिरणार हे गृहीतच धरावे लागते. ती शिरली की ट्रान्समीटर चालू होताच ध्वनीत भुणभुण किंवा पातळीत उडी दिसते. मंडळ पत्र्याच्या बंद डबीत ठेवले, आत-बाहेर जाणाऱ्या प्रत्येक तारेवर फीडथ्रू कपॅसिटर आणि फेराइटचा मणी बसवला, व ध्वनीच्या आवरित तारेचे कवच एकाच टोकाला जमिनीशी जोडले.

डेव्हिएशन ठरवताना मापकाच्या काट्यावर पूर्ण विसंबून राहू नये. त्यासाठी बेसेल शून्याची पद्धत खात्रीची आहे. मॉड्युलेशनचा निर्देशांक २.४०५ झाला की वाहकलहर नाहीशी होते, म्हणजे २०७९ हर्ट्झचा शुद्ध सूर देऊन पातळी वाढवत नेली आणि वाहकलहर पहिल्यांदा जेथे लुप्त झाली तेथे डेव्हिएशन नेमके ५ किलोहर्ट्झ असते. हल्लीच्या स्वस्त एसडीआर (संगणकाच्या सॉफ्टवेअरवर चालणाऱ्या) रिसीव्हरच्या पडद्यावर मधली रेघ बुडताना स्पष्ट दिसते. आमचा सर्व्हिस मॉनिटर या कसोटीला उतरला, मगच त्याच्यावर पुढची मोजमापे घेतली. बोलण्याची कमाल मर्यादा ४.५ किलोहर्ट्झ आणि टोन ०.५ किलोहर्ट्झ अशी वाटणी केली. त्यानंतर आत येणारे ३ किलोहर्ट्झ डेव्हिएशन बाहेरही ३ किलोहर्ट्झच पडेल अशी पातळी बांधली. हे शेवटचे पाऊल अनेक जण गाळतात आणि ध्वनी ‘दणदणीत’ व्हावा म्हणून पातळी चढवून ठेवतात. मग सगळे बोलणे लिमिटरच्या धारेवर चालते आणि वरची सगळी मेहनत पाण्यात जाते.

सर्व जुळवून झाल्यावर आलेख पुन्हा काढला तेव्हा ३०० ते २७०० हर्ट्झपर्यंतचा चढउतार दीड डेसिबलच्या आत आला होता, आणि ३००० हर्ट्झला साडेतीन डेसिबलची घट होती. विकृतीचा आकडा खालच्या सुरांनाही आता सुसह्य होता.

मोजमापापेक्षा वापरणाऱ्यांचे मत महत्त्वाचे, असे म्हणतात, पण हॅम मंडळींच्या अभिप्रायावर माझा फार भरवसा नाही. नवे काही केले आहे असे सांगितले की प्रत्येकाला आवाज सुधारल्यासारखा वाटतो. त्यापेक्षा एक कठोर परीक्षा आहे. बोलणारा आणि ऐकणारा एकमेकांच्या थेट पल्ल्यात असतील तर ऐकणाऱ्याने आपल्या संचावरील रिव्हर्सची कळ दाबून रिपीटरचे आदान, म्हणजे बोलणारा ज्या वारंवारतेवर पाठवतो ती, थेट ऐकावे, पुन्हा सोडून रिपीटरवरून ऐकावे, आणि बोलणाऱ्याने मध्ये थांबू नये. दोन्हींत फरक जाणवला नाही तर रिपीटर उत्तीर्ण. याच भागात राहणारे दुसरे एक मराठी हॅम माझ्यासोबत या परीक्षेला बसले. अमेरिकी नियमांनुसार स्थानकाची ओळख इंग्रजीत द्यावी लागते, एरवी संभाषण कोणत्याही भाषेत चालते, म्हणून कॉलसाइन सांगून आम्ही मराठीतच बोललो. पूर्वी या रिपीटरवर ‘साठ’ आणि ‘आठ’ यांचा घोळ होत असे, ‘शंभर’मधला श तर ओळखूच येत नसे, कारण स आणि श यांची बहुतेक ऊर्जा २ किलोहर्ट्झच्या वर असते. आता कळ दाबताना आणि सोडताना बोलण्यात मला फरक सांगता येत नव्हता, केवळ थेट ऐकताना मागे येणारी हलकी खरखर रिपीटरवर नसे.

एक दुष्परिणाम अपेक्षित होता, तो दिसला. पूर्वी सर्वांचेच आवाज सारखे कोंडलेले येत असल्यामुळे कोणाच्या संचात काय बिघडले आहे हे झाकले जाई. आता कोणाचा मायक्रोफोन मंद आहे, कोण वारंवारतेपासून सरकला आहे, कोणाचा पुरवठा गुणगुणतो आहे, हे सगळे जसेच्या तसे डोंगरावरून प्रसारित होऊ लागले. काही सभासदांनी प्रथम रिपीटरलाच दोष दिला. रिव्हर्सची कळ दाबून ऐकायला सांगितल्यावर त्यांनी आपले संच मेजावर आणले, आणि त्यांतील निम्म्याहून अधिक केवळ डेव्हिएशनचा नियंत्रक फिरवून सुधारले.

बदललेल्या मंडळाचे रेखाचित्र, प्रत्येक परीक्षणबिंदूवरील व्होल्टेज आणि तीन ठिकाणच्या ध्वनिपातळ्या एका कागदावर लिहून तो प्लास्टिकमध्ये बंद करून कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला लावला आहे, कारण कंपनीच्या एलबीआय क्रमांकाच्या पुस्तिका आता या संचाशी पूर्णपणे जुळत नाहीत. यानंतर क्लबच्या यूएचएफ दुव्याचा संच हाताशी आहे. तोही मास्टर टूच आहे आणि त्यातही फेज मॉड्युलेटरच आहे, परंतु तेथे क्रिस्टलची वारंवारता १२ ऐवजी ३६ पट होते. १०० हर्ट्झच्या टोनला ५०० हर्ट्झ डेव्हिएशन देण्यासाठी त्याच्या मॉड्युलेटरला ०.१४ रेडियनच पुरतात, त्यामुळे त्या संचाचा टोन बदलण्यासाठी सभा भरवावी लागणार नाही.